टाका घालण्याआधी

बाळंतपणानंतर लघवी सुटण्याचा त्रास असलेल्या बाईला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला लगेच मिळतो: ‘बाळंतपण झालं की असं व्हायचंच, होईल सवय.’ दुसरा पाच-दहा वर्षांनी मिळतो: ‘पिशवी काढून टाका, एकदाच्या मोकळ्या व्हाल.’ पहिल्यात उपचारच नाही आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा भलताच उपचार आहे. या दोहोंच्या मधे वैद्यकशास्त्राने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत बरंच ज्ञान गोळा केलं आहे, त्यातलं काही चुका करून, बायकांना इजा करून मिळवलेलं आहे. ते एकत्र ठेवून पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. या त्रासावरची शस्त्रक्रिया सहसा जीव वाचवण्यासाठी नसते, जगणं सुसह्य करण्यासाठी असते. म्हणून ती करायची की नाही याचा निकष तपासणीचा आकडा नसून त्या बाईच्या रोजच्या आयुष्यातला अडथळा हाच आहे, आणि तो तीच सांगू शकते. पण तिला खरोखर ठरवता यावं यासाठी तीन गोष्टी आधी तिच्या हाती हव्यात: नेमकं निदान, नीट शिकवलेला व्यायाम आणि नंतरच्या विश्रांतीची हमी. या तिन्ही गोष्टींना महागडी यंत्रं लागत नाहीत, आणि तरी त्या मिळत नाहीत.

त्रास किती जणींना होतो? नॉर्वेत पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीतून २००३ साली निघालेलं उत्तर असं होतं: मूल न झालेल्या स्त्रियांत १०.१ टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत १५.९ टक्के आणि नैसर्गिक प्रसूती झालेल्यांत २१ टक्के. म्हणजे पाचांतली एक. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी ज्यांना हा त्रास होता अशा ब्रिटन आणि न्यूझीलंडमधल्या स्त्रियांचा बारा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जणींनी बारा वर्षांनंतरही त्रास असल्याचं सांगितलं. ‘आपोआप जाईल’ हे त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांपुरतंच खरं मानावं. आपल्याकडे या विषयावरचं मौन किती खोल आहे हे डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीतून दाखवलं. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि आधी कधीतरी स्त्रीरोग तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास केवळ लघवीच्या तक्रारींचा नव्हता. पण अंगावर दुखणं काढणाऱ्या बाईला कुणी विचारलंच नाही तर ती सांगत नाही, हे त्याने आकड्यांत मांडलं.

नॉर्वेचे आकडे पाहून ‘मग सरसकट सिझेरियनच करावं’ असं म्हणणारे निघतात. त्यांना उत्तर त्याच आकड्यांत आहे. सिझेरियनने धोका कमी झाला, पण संपला नाही. नऊ महिन्यांचं ओझं, संप्रेरकांचे बदल, वजन यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय एका पोटावरच्या शस्त्रक्रियेचे आणि पुढच्या गर्भारपणातल्या वारेच्या गुंतागुंतीचे धोके पत्करून हा थोडा फायदा सगळ्यांच्या माथी मारणं न्याय्य नाही. चिमटा लावून झालेली प्रसूती, फार लांबलेल्या कळा आणि मोठं बाळ या बाबतींत मात्र जास्त सावध राहायला हवं, आणि अशा बाळंतिणीला तरी नंतर मुद्दाम विचारायला हवं.

आता निदान. ‘लघवी रोखता येत नाही’ या एका वाक्यात किमान चार वेगळे आजार दडलेले असतात. खोकताना, शिंकताना, हसताना, भरलेला हंडा उचलताना चुळकाभर लघवी सुटते, तो पहिला. यात मूत्रमार्गाखालची स्नायूंची आणि पडद्यांची झोळी सैल पडलेली असते. पोटातला दाब वाढला की मूत्रमार्ग दाबून बंद व्हायला खाली घट्ट आधार लागतो, तो उरलेला नसतो. दुसऱ्यात दाबाचा संबंध नाही: अचानक जोराची कळ येते आणि संडासापर्यंत पोचायच्या आत लघवी होते. इथे मूत्राशयाचा स्नायूच अवेळी आकुंचन पावतो. कित्येकींना दोन्ही एकत्र असतं. तिसरा आजार म्हणजे अंग बाहेर येणं: मूत्राशय, गर्भपिशवी किंवा गुदाशय योनीत उतरतं, खाली काहीतरी आल्यासारखं वाटतं, आणि लघवी गळण्याऐवजी उलट तुंबतेही. चौथा सर्वांत क्रूर: मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये छिद्र पडतं आणि रात्रंदिवस, झोपेतही, लघवी ठिबकत राहते. चारही जणी दवाखान्यात येऊन सांगतात तेच एक वाक्य, आणि उपचार मात्र चौघींचे वेगळे. पहिल्या प्रकारची शस्त्रक्रिया दुसऱ्या प्रकारच्या बाईवर केली तर तिची कळ कमी होणार नाही, वाढू शकेल.

हा फरक ओळखायला मोठं रुग्णालय लागतं असं नाही. तीन दिवसांची नोंद पुरते: किती वाजता किती प्यायलं, किती वाजता किती लघवी झाली (घरातलं जुनं मापाचं भांडं चालतं), कधी सुटली आणि त्या वेळी काय चाललं होतं. लिहिता न येणारीसाठी मुलगी किंवा आशाताई टिंबं काढू शकते. त्या कागदावर दिवसाला आठ कप चहा दिसला तर अर्धं उत्तर तिथेच मिळतं. मग लघवीची साधी तपासणी, जंतुसंसर्ग आणि साखर वगळण्यासाठी. मग भरल्या मूत्राशयाने खोकायला लावायचं. खोकल्याच्या क्षणीच धार आली आणि खोकला थांबताच थांबली तर पहिला प्रकार. खोकल्यानंतर दोन-चार सेकंदांनी आली आणि वाहतच राहिली तर दुसऱ्याचा संशय. शेवटी, लघवी करून आल्यावर आत किती उरली ते सोनोग्राफीवर पाहायचं. मूत्राशयातला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी प्रत्येकीला लागते का, हा प्रश्न अमेरिकेतल्या ६३० स्त्रियांवरच्या चाचणीने २०१२ साली बऱ्यापैकी निकाली काढला. सरळसोट पहिल्या प्रकारच्या त्रासात ती तपासणी करून शस्त्रक्रिया केलेल्यांना ७६.९ टक्के आणि साध्या तपासणीवर केलेल्यांना ७७.२ टक्के यश आलं. मिश्र त्रास, आधी झालेली शस्त्रक्रिया किंवा लघवी तुंबण्याची तक्रार असेल तर मात्र ती करावी. जवळच्या शहरात ती सोय नाही म्हणून साध्या त्रासाच्या बाईचे उपचार अडून राहण्याचं कारण नाही.

छिद्राचा प्रश्न वेगळा काढून सांगतो, कारण तिथे ‘थांबून पाहू’ चालत नाही. अडलेल्या प्रसूतीत बाळाचं डोकं तासन्‌तास हाडावर दाबून राहिलं की मधल्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती सडून पडते. आफ्रिकेच्या अनेक भागांत आजही हेच कारण आहे. रेजिनाल्ड आणि कॅथरिन हॅमलिन या दांपत्याने १९७४ साली आदिस अबाबात उभारलेलं रुग्णालय याच बायकांसाठी आहे. आपल्याकडे दवाखान्यातल्या प्रसूती वाढल्या तसं हे कारण मागे पडत गेलं आणि गर्भपिशवी काढताना किंवा सिझेरियनमध्ये मूत्राशयाला झालेली इजा पुढे आली. छिद्र लहान आणि ताजं असेल तर काही आठवडे नळी ठेवल्यानेही बुजू शकतं. नाहीतर शिवावं लागतं, आणि पहिला प्रयत्न सर्वांत यशस्वी ठरतो, म्हणून तो अनुभवी हातानेच व्हायला हवा. ही एकच शस्त्रक्रिया अशी, जिथे निर्णयापेक्षा पोचणं महत्त्वाचं आहे.

पहिल्या दोन प्रकारांत मात्र व्यायामाला पहिला मान आहे. अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला, तेव्हापासून तो सांगितला जातो आणि बहुतेक वेळा फक्त सांगितलाच जातो. ‘केगल करा’ असं चिठ्ठीवर लिहून देणं हा उपचार नव्हे. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखून धरल्यासारखं आतून वर खेचायचं, श्वास चालू ठेवायचा, पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत. काही सेकंद धरायचं, तितकाच वेळ सोडायचं. पुष्कळ बायका हे करताना उलट खाली कुंथतात आणि नुकसान वाढवतात. म्हणून एकदा तरी तपासणाऱ्या बाईने हात लावून ‘हो, हेच’ असं सांगणं आवश्यक आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वेळी किमान आठ आकुंचनं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने, आणि तेही देखरेखीखाली. याचा उपयोग होतो का? अनेक चाचण्या एकत्र करून २०१८ साली काढलेल्या कॉक्रेन आढाव्यात दाबाने लघवी सुटणाऱ्या, व्यायाम केलेल्या स्त्रियांपैकी ५६ टक्के जणींनी त्रास गेल्याचं सांगितलं. न केलेल्यांत ६ टक्के. कळेच्या त्रासात याच्या जोडीला लघवीच्या वेळा हळूहळू लांबवण्याचा सराव असतो, आणि औषधं त्यानंतर. वजन जास्त असेल तर तिथेही हात घालावा: २००९ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत सरासरी ८ टक्के वजन घटलेल्या गटात लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, तुलनेच्या गटात २८ टक्क्यांनी.

इथे एक खरा आक्षेप येतो. नेदरलँड्समध्ये ४६० स्त्रियांवर चाचणी झाली, २०१३ साली प्रसिद्ध झाली. दाबाने लघवी सुटण्याचा मध्यम ते तीव्र त्रास असलेल्यांपैकी निम्म्या जणींना आधी फिजिओथेरपी आणि निम्म्या जणींना थेट मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया दिली. वर्षाने शस्त्रक्रियेच्या गटात ९०.८ टक्के जणींना सुधारणा जाणवली, फिजिओथेरपीच्या गटात ६४.४ टक्के. मग तीन-चार महिने व्यायामात का घालवायचे? चाचणी बारकाईने पाहिली की उत्तर मिळतं. फिजिओथेरपीच्या गटातल्या ४९ टक्के जणींनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणजे उरलेल्या ५१ टक्के जणी तिच्याशिवाय राहिल्या. ज्यांनी मागाहून केली, त्यांचा निकाल आधीच करून घेतलेल्यांइतकाच चांगला आला. आणि ज्या काही गुंतागुंती झाल्या त्या सगळ्या शस्त्रक्रिया झालेल्यांमध्येच. म्हणजे आधी व्यायाम करणारीचं नुकसान काही महिन्यांचं, फायदा मात्र चाकू टळण्याच्या बऱ्याच मोठ्या शक्यतेचा. तरीही या चाचणीतून मी दुसरीही एक गोष्ट घेतो: त्रास तीव्र असेल आणि प्रामाणिकपणे तीन महिने केलेल्या व्यायामाने भागत नसेल, तर ‘अजून थोडं करून बघ’ म्हणत बाईला वर्षानुवर्षं झुलवत ठेवणं हाही अन्यायच आहे.

शस्त्रक्रियेची वेळ ठरवताना पुढचं मूल हवं आहे का हा प्रश्न आधी यावा. गर्भारपण आणि प्रसूती दुरुस्त केलेल्या आधारावर पुन्हा ताण आणतात, म्हणून बहुतेक शल्यचिकित्सक कुटुंब पूर्ण होईपर्यंत थांबायला सांगतात. अंगावर पाजणाऱ्या बाईची योनी कोरडी आणि ऊती पातळ असतात. तेव्हाही थांबणं हिताचं.

शस्त्रक्रियांचा इतिहास एका ओळीत सांगायचा तर आधार कुठून द्यायचा याचाच तो शोध आहे. १९१४ च्या सुमारास हॉवर्ड केली यांनी योनीमार्गे मूत्राशयाच्या मानेखाली टाके घालून ती आवळली. सोपी म्हणून ही पद्धत जगभर पसरली, आपल्याकडे पिशवी काढताना जोडीला आजही केली जाते. पण लघवी सुटण्यावर ती टिकत नाही, आणि ब्रिटनच्या सूचना केवळ या त्रासासाठी तसे टाके घालू नका असंच सांगतात. १९६१ साली बर्च यांनी पोटाकडून जाऊन योनीची भिंत जांघेच्या हाडामागच्या मजबूत बंधाला बांधली. दुसऱ्या वाटेने बाईच्याच पोटाच्या पडद्याची पट्टी काढून मूत्रमार्गाखाली झोळीसारखी बसवली गेली. या दोहोंची ६५५ स्त्रियांवर तुलना झाली, २००७ साली: दोन वर्षांनी स्वतःच्या ऊतीच्या पट्टीला ६६ टक्के यश, बर्चला ४९; पण पट्टीवाल्यांना लघवी होण्यात अडचण आणि जंतुसंसर्ग जास्त. १९९६ साली स्वीडनमध्ये उल्फ उल्मस्टेन यांनी पॉलिप्रॉपिलीनची पट्टी मूत्रमार्गाच्या मध्याखाली, ताण न देता, भूल फक्त त्या जागी देऊन बसवली आणि सगळं चित्र पालटलं. त्या पहिल्या रुग्णांपैकी ज्यांना सतरा वर्षांनी गाठता आलं, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक जणी तपासणीत कोरड्या होत्या. मूत्रमार्गाभोवती जेल टोचण्याचाही पर्याय आहे, अगदी कमी त्रासाचा. मात्र फिनलंडमधल्या तुलनेत वर्षाने पट्टीवर ९५ टक्के आणि जेलवर सुमारे ६० टक्के जणी समाधानी होत्या. ज्या बाईला भूल झेपणार नाही किंवा ज्या बाईला अजून मूल हवं आहे, तिला तेवढंही पुष्कळ असू शकतं.

आणि याच पॉलिप्रॉपिलीनने पुढे बायकांचे अतोनात हाल केले. लघवीसाठीच्या अरुंद पट्टीचं यश पाहून कंपन्यांनी अंग बाहेर येण्यावर योनीमार्गे बसवायच्या रुंद जाळ्या बाजारात आणल्या, पुरेशा चाचण्यांशिवाय. जाळी योनीत उघडी पडणं, न थांबणारी वेदना, संभोग अशक्य होणं, आणि काढायला गेलं तर तुकड्यातुकड्यानेही न निघणं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ आणि २०११ साली इशारे दिले, एप्रिल २०१९ मध्ये योनीमार्गे बसवायच्या त्या जाळ्यांची विक्री बंद केली. ब्रिटनमध्ये जुलै २०१८ पासून लघवीच्या पट्ट्यांवरही स्थगिती आली, आणि २०२० सालच्या कंबरलेज अहवालाने बायका वर्षानुवर्षं सांगत असताना ऐकलं गेलं नाही हे स्पष्ट नोंदवलं. मग पट्टी नकोच म्हणायचं का? इंग्लंडमध्ये पट्टी बसवलेल्या ९५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींत नऊ वर्षांत ती काढावी लागलेल्यांचं प्रमाण ३.३ टक्के निघालं. हा आकडा लहान आहे, पण काढावी न लागलेल्या सगळ्या सुखी आहेत असा त्याचा अर्थ नाही. माझं मत असं: जांघेच्या हाडामागून वर जाणारी पट्टी हा आजही योग्य पर्याय आहे, जांघेतून काढलेली नाही, कारण २०१० सालच्या अमेरिकन तुलनेत यश जवळपास सारखं असूनही मांडीतल्या बधिरपणाच्या, अशक्तपणाच्या तक्रारी तिच्यात दुपटीहून जास्त होत्या. पण बाईला स्वतःच्या ऊतीचा आणि बर्चचाही पर्याय त्याच बैठकीत सांगितला गेला पाहिजे, पट्टी कायमची आहे हे सांगितलं पाहिजे, आणि घरी जाताना कागदावर शस्त्रक्रियेचं नाव, पट्टीची कंपनी आणि क्रमांक लिहून दिला पाहिजे. दहा वर्षांनी दुखायला लागलं तर पुढच्या डॉक्टरला आत काय आहे ते कळायला दुसरा मार्ग नाही.

अंग बाहेर येण्याच्या शस्त्रक्रियेत मुंबईचं काम मोलाचं आहे आणि आपल्याच लोकांना ते फारसं माहीत नाही. पाश्चात्त्य देशांत हा साठीनंतरचा आजार. आपल्याकडे लहान वयात, पाठोपाठच्या बाळंतपणांनी आणि बाळंतपणानंतर लगेच पडणाऱ्या कष्टांनी तो विशी-तिशीतल्या बायकांना गाठत होता. त्यांना गर्भपिशवी हवी होती. मूळचे गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी मागून त्रिकास्थीकडे, आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पुढून पोटाच्या पडद्याकडे गर्भपिशवीची मान बांधून ती वर उचलण्याच्या पद्धती विकसित केल्या. पिशवी न काढता आधार दुरुस्त करायचा, हा विचार जगात आता पुन्हा जोर धरतो आहे. शस्त्रक्रियेशिवायचा मार्गही आहे: योनीत बसवायची रिंग पेसरी. नेदरलँड्समधल्या ४४० स्त्रियांच्या तुलनेत दोन वर्षांनी पेसरीपासून सुरुवात केलेल्यांपैकी ७६.३ टक्के आणि शस्त्रक्रियेपासून सुरुवात केलेल्यांपैकी ८१.५ टक्के जणींना सुधारणा जाणवली, मात्र पेसरीवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी पुढे शस्त्रक्रियेकडे वळल्या. अंग वर बसवण्याआधी एक धोक्याची सूचना बाईला द्यायलाच हवी. खाली उतरलेल्या मूत्राशयामुळे मूत्रमार्ग मुडपलेला असतो आणि गळती झाकली जाते. अंग जागेवर गेलं की ती उघडी पडते. २००६ सालच्या चाचणीत आधी अशी तक्रार नसलेल्या, पोटाकडून दुरुस्ती झालेल्या स्त्रियांपैकी ४४.१ टक्के जणींना तीन महिन्यांत ती सुरू झाली. जोडीला बर्चचे टाके घातलेल्यांत २३.८ टक्के. हे आधी न सांगितल्यास शस्त्रक्रिया बिघडली असंच तिला वाटणार.

मग पिशवी काढण्याचं काय? २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यात केलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळी, आणि कामाचा खाडा परवडत नाही ही भीती, अशी त्यामागची कारणं. ‘गरीब बाई परत परत दवाखान्यात येऊ शकत नाही, व्यायाम करणार नाही, म्हणून एकदाच काय तो निकाल लावणं व्यवहार्य’ हा युक्तिवाद त्याच ठिकाणी ऐकू येतो. तो व्यवहाराच्या कसोटीवरच टिकत नाही. स्वीडनमध्ये पिशवी काढलेल्या एक लाख पासष्ट हजार आणि न काढलेल्या पावणेपाच लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पुढे लघवी सुटण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका पहिल्या गटात दुपटीहून जास्त, २.४ पट, निघाला. म्हणजे जो त्रास संपवायचा म्हणून पिशवी काढली, तोच वाढण्याची शक्यता. त्यात बीजकोषही काढले असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती आणि ठिसूळ हाडं. असला उपचार स्वस्त कसा म्हणायचा?

बरं होण्याच्या काळाबद्दल आधी मोकळेपणाने बोललं जात नाही, म्हणून तोच काळ बायकांना सर्वांत जास्त घाबरवतो. पट्टीनंतर बहुतेक जणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. पोटाकडून केलेल्या शस्त्रक्रियेत काही दिवस राहावं लागतं. योनीमार्गे दुरुस्ती झाली असेल तर पहिला दिवस आत कापसाची पट्टी आणि लघवीची नळी असते. नळी काढण्याचा प्रसंग छोटा, पण सगळ्यांत महत्त्वाचा. अनेक ठिकाणी नळीतून सुमारे ३०० मिलिलिटर सलाईन आत भरतात, नळी काढतात आणि बाईला निवांतपणे लघवी करू देतात. किमान दोन तृतीयांश बाहेर आलं तर ठीक. नाही आलं तर नळी पुन्हा काही दिवस, किंवा दिवसातून तीन-चारदा स्वतः बारीक नळी घालून मोकळं होणं. सूज उतरली की हे बहुतेक वेळा आपोआप सुटतं. पण ‘आपली लघवी कायमची बंद झाली’ या भीतीने बाई रडत बसते, कारण नळी घेऊन घरी जावं लागू शकतं हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं. छिद्र शिवलेल्यांसाठी नळीचा काळ लांब असे. आफ्रिकेतल्या आठ देशांत ५२४ स्त्रियांवर झालेल्या चाचणीने २०१५ साली दाखवलं की साध्या छिद्रात सात दिवसांची नळी चौदा दिवसांइतकीच सुरक्षित आहे. आठवडाभर आधी घरी जाता येणं ही मजुरी बुडणाऱ्या बाईसाठी लहान गोष्ट नाही.

पुढचे सहा आठवडे टाके विरघळत असतात, तपकिरी-पिवळट स्राव येतो, त्याला दुर्गंधी नसावी. संभोग टाळायचा. शौचाला कुंथायचं नाही. म्हणून भरपूर पाणी, भाज्या, आणि लाज न बाळगता पातळ करणारं औषध. पहिल्या दिवसापासून चालायचं, पायात गाठी होऊ नयेत म्हणून. ताप, लघवी अजिबात न होणं, पॅड भिजवणारा रक्तस्राव, पोटरी सुजून दुखणं यांपैकी काहीही झालं तर दवाखाना. वजन उचलण्याची बंदी मात्र पुराव्याने कमकुवत ठरत चालली आहे. खुर्चीतून उठताना पोटात जो दाब येतो तो हलकं वजन उचलताना येणाऱ्या दाबाहून कमी नसतो हे मोजून दाखवलं गेलं, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत अंग बसवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर लवकर नेहमीची कामं सुरू केलेल्या स्त्रियांचे निकाल निर्बंध पाळणाऱ्यांपेक्षा वाईट निघाले नाहीत. हा शोध स्वागतार्ह आहे, पण तो जसाच्या तसा इथे आणायला माझा विरोध आहे. तिथल्या ‘नेहमीच्या कामा’त विहिरीवरून तीन खेपा पाणी, जनावरांचा चारा आणि उकिडवं बसून फरशी पुसणं येत नाही. शिवाय आपल्या घरांत ‘डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितलंय’ हे एकच वाक्य असं आहे ज्यापुढे सासू, नवरा, मुकादम थोडे तरी नमतात. ते वाक्य तिच्या हातून काढून घेऊ नये. जिने चढ, चाल, हलकं काम कर, घाबरू नकोस असं तिला सांगावं, आणि हंडा, पोतं, मोळी नको असं तिच्या घरच्यांना समोर बसवून सांगावं.

निकालाबद्दलही खरं बोलावं. काही जणींना शस्त्रक्रियेनंतर नव्यानेच कळ येऊ लागते. ती बहुधा औषधाने आणि सरावाने आटोक्यात येते. अंग पुन्हा उतरू शकतं: अमेरिकेच्या ओरेगॉन भागातल्या १९९७ सालच्या पाहणीत अशा शस्त्रक्रियांपैकी २९ टक्के या फिरून केलेल्या होत्या. म्हणून ओटीपोटाचा व्यायाम शस्त्रक्रियेनंतरही सोडायचा नसतो, आणि खोकल्याचा, मिश्रीचा, बद्धकोष्ठतेचा इलाज सुरूच ठेवायचा असतो.

एक आक्षेप उरतो: बाईने ठरवायचं म्हणता, पण आपल्या घरांत तिला ठरवू कोण देतं? पैसे नवऱ्याकडे, वेळ घराचा, आणि ही गोष्ट घरात बोलायचीही चोरी. हे खरं आहे. पण ती बोलू शकत नाही तिथे विचारणाऱ्याने विचारलं तर पुष्कळ काही बदलतं, आणि विचारायच्या जागा आधीच आहेत. बाळंतपणानंतर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. नवजात बाळासाठी घरी जाण्याची ही पद्धत गडचिरोलीच्याच कामातून देशभर गेली. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी आई बाळाला घेऊन केंद्रावर येते. त्या भेटींच्या नोंदवहीत आईसाठी तीन प्रश्न घालता येतील: खोकताना सुटते का, कळ आली की धरवत नाही का, खाली काही आल्यासारखं वाटतं का. यातल्या एकाला ‘हो’ आलं तर परिचारिकेने व्यायाम हात लावून शिकवावा, तीन महिन्यांनी पुन्हा विचारावं, आणि भागत नसेल तर तालुक्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तीन दिवसांच्या नोंदीसह पाठवावं. झोपेतही ठिबकते असं सांगणारीला मात्र त्याच दिवशी पाठवावं.